ड्राय टोर्टुगाज: दोन रात्री, चार माणसं, पाणी किती?

उन्हाळी_पाऊस
मंडळी, मदत हवी आहे. मार्चमध्ये लेकीच्या स्प्रिंग ब्रेकला ड्राय टोर्टुगाज नॅशनल पार्कात, म्हणजे फ्लोरिडाच्या टोकापलीकडे भर समुद्रातल्या बेटांवर, दोन रात्री तंबू ठोकायचं ठरलंय. आम्ही दोघं, अकरा वर्षांची लेक आणि माझे वडील, वय ७२. बाबा सहा महिन्यांसाठी इकडे आलेत. गुडघे उत्तम, रोज पाच मैल चालतात, पण जन्मात तंबूत झोपलेले नाहीत. "तुम्ही समुद्रात जाणार आणि मी इथे टीव्ही बघत बसू?" असं म्हणाले, विषय संपला.

फेरीबोटीची कॅम्पिंगची तिकिटं कित्येक महिने आधी काढून ठेवली होती. आता तयारी. माझी यादी: तंबू दोन, खुर्च्या चार, हॅमॉक, गॅसचा छोटा स्टोव्ह, सोलर चार्जर, पॉवर बँका, स्पीकर, ड्रोन (नवऱ्याचा जीव की प्राण), स्नॉर्केलिंगचं सामान, पाण्याच्या बाटल्यांचे दोन क्रेट. अजून काय लागेल?

खारा_वारा
ताई, यादी खालून वाचायला घ्या. जे शेवटी लिहिलंय ते पहिलं हवं.

तिथे गोडं पाणी नाही. नळ नाही, फिल्टर लावायला ओढा नाही, दुकान नाही. नावातलं 'ड्राय' त्याचंच आहे. १५१३ साली स्पॅनिश दर्यावर्दी पोन्स द लिऑन तिथे पोचला, त्याच्या लोकांनी भरमसाट कासवं पकडली म्हणून नाव पडलं 'टोर्टुगाज'. पुढे खलाशांच्या नकाशांवर 'ड्राय' लागलं, म्हणजे इथे पाणी भरायला थांबू नका. पाचशे वर्षांत त्यात फरक नाही.

माणशी दिवसाला एक गॅलन धरा. चौघं, तीन दिवस, म्हणजे बारा. वर अख्ख्या एका दिवसाचं जास्तीचं, कारण वारा फिरला तर फेरी येत नाही आणि तुम्ही तिथेच. झाले सोळा. एक गॅलन सव्वाआठ पौंडांच्या आसपास भरतं, म्हणजे नुसतं पाणीच एकशेतीस पौंडांच्या वर. माणशी साठ पौंड सामानाची मर्यादा आहे, पाणी त्यात मोजत नाहीत. पण उचलायचं तुम्हालाच आहे.

गॅसचा स्टोव्ह घरी ठेवा, फेरीवर इंधन चढू देत नाहीत. लायटर फ्लुइड न लागणारा, नुसत्या काडीने पेटणारा कोळसा तेवढा चालतो. जागेवर ग्रिल आणि टेबल असतं. ड्रोन कुठल्याच नॅशनल पार्कात उडवता येत नाही, तेव्हा जीव की प्राण घरीच सुखरूप राहू द्या.

टेकडीवरून
माझं प्रामाणिक मत: ७२ वर्षांच्या माणसाला घेऊन कॅम्पिंग कशाला? सकाळी आठला 'की वेस्ट' गावाहून फेरी सुटते, सव्वादोन तासांत पोचते, दुपारी तीनला परत निघते. नाश्ता, जेवण, स्नॉर्केलचं सामान सगळं तिकिटात. चार-साडेचार तासांत किल्ला बघून पाण्यात डुंबून होतं. संध्याकाळी हॉटेलात गरम पाण्याची अंघोळ. तंबू, वाळू, उंदीर हे सगळं कोणासाठी?

उन्हाळी_पाऊस
उंदीर???

खारा_वारा
हो, उंदीर. लिहायचं राहिलं. खाण्याचं सगळं कडक प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. तंबूत काहीही ठेवायचं नाही, च्युइंगगमसुद्धा नाही. माझ्या सॅकच्या बाजूच्या खिशात ग्रॅनोला बारचा रिकामा कागद राहिला होता. रिकामा! सकाळी खिशाला रुपयाएवढं गोल भोक, कडा अशी कातरलेली की शिंप्याने हेवा करावा. कागद जागेवरच, बहुतेक चव आवडली नाही.

टेकडीवरून, तुमचं गणित बरोबर आहे, पण तीनला फेरी गेल्यावर ते बेट काय होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. दिवसाच्या प्रवाशांना सूर्यास्त मिळत नाही.

रात्रपाळी
बोट लागण्याबद्दल कोणी बोललंच नाही. इथे पेशाने फार्मासिस्ट, म्हणून चार ओळी.

गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नसतो. पोट एकदा ढवळायला लागलं की गोळी पोटात टिकत नाही. निघायच्या तासभर आधी घ्यायची. मेक्लिझिनने झोप येते, डायमेनहायड्रिनेटने त्याहून जास्त. बाबांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल, रक्तदाबाच्या वगैरे गोळ्या चालू असतील, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. लेकीसाठीही डोस विचारून घ्या. आणि नवी गोळी पहिल्यांदा घरी एखाद्या रविवारी घेऊन बघा, बोटीवर प्रयोग नकोत.

बसायला खालचा मजला, मध्याच्या मागे. वरच्या डेकवर हवा छान असते पण झोका मोठा. फोन खिशात, नजर क्षितिजावर. नाश्ता सोडू नका, तेलकट मात्र टाळा. रिकामं पोट जास्त बंड करतं.

खडूस_काकू
आमची सहल जानेवारीत होती. त्या दिवशी समुद्र असा उसळला की माझ्या शेजारचा सहा फुटी गडी, हातावर नांगर गोंदवलेला, पहिल्या वीस मिनिटांत कागदी पिशवीत तोंड घालून बसला. आणि मी, जिला पुण्याच्या रिक्षात मळमळतं, ती मजेत ऑम्लेट खात होते. तेव्हा कोणाला लागेल कोणाला नाही याचे अंदाज बांधू नका. सगळ्यांना गोळी, सगळ्यांना पिशवी.

हिवाळ्यात उत्तरेकडून कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेचे लोंढे, उतरतात, त्यांच्यासोबत हा वारा येतो. मार्चमध्येही येतात. उन्हाळ्यात समुद्र शांत पण उकाडा, आणि १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत हरिकेनचा मोसम. मधल्या मधे एप्रिल-मे बरे.

उन्हाळी_पाऊस
तारखा आता बदलता येणार नाहीत. बाबांच्या डॉक्टरांची वेळ घेते. पण हवामान आधी कळेल कसं? तिथे नेटवर्क असतं का?

खारा_वारा
शून्य. फोन तिथे फक्त कॅमेरा. नकाशे, तिकिटं, मुलीची पुस्तकं सगळं की वेस्टलाच उतरवून घ्या, आणि घरच्यांना 'तीन दिवस फोन लागणार नाही, चौथ्या दिवशीही लागला नाही तरी घाबरू नका' असं सांगून निघा. हे दुसरं वाक्य लोक विसरतात.

हवामानासाठी नेहमीचं ॲप बघू नका. त्याला ऊन-पाऊस कळतो, लाटा कळत नाहीत. राष्ट्रीय हवामान सेवेचा सागरी अंदाज वाचा, त्यात वारा नॉटमध्ये आणि लाटा फुटांत दिलेल्या असतात. निघण्याआधी चार दिवस रोज वाचायची सवय लावा, मग आकडे बोलायला लागतात. वारा उत्तरेकडे वळतोय असं दिसलं की तंबूच्या जास्तीच्या दोऱ्या बांधायला घ्या. वाळूत साधे खुंटे टिकत नाहीत. लांब, रुंद पात्याचे वाळूचे खुंटे घ्या.

जुना_बुरूज
किल्ल्याबद्दल कोणीच लिहीना म्हणून आत येतो. 😀

फोर्ट जेफरसन. षटकोनी, भोवती खंदक, समुद्राच्या पाण्याचा. बांधकाम १८४६ ला सुरू झालं आणि कधीच पुरं झालं नाही. एक कोटी साठ लाखांहून जास्त विटा. अमेरिका खंडांत विटांचं एवढं मोठं बांधकाम दुसरं नाही, आणि ते अशा जागी, जिथे वीट सोडा, पिण्याचं पाणीही बोटीने आणायचं. तटाकडे नीट बघितलंत तर खालच्या विटा फिकट आणि वरच्या लालसर दिसतील. खालच्या दक्षिणेतल्या, पेन्साकोलाच्या बाजूच्या. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर दक्षिणेचा माल बंद झाला, मग विटा थेट उत्तरेहून, मेन राज्यातून आणाव्या लागल्या. अख्खं युद्ध त्या रंगाच्या रेघेत दिसतं.

पाण्याची गंमत ऐका. इंजिनियरांनी तटावर पडणारं पावसाचं पाणी वाळूतून गाळून पायाखालच्या टाक्यांत साठवायचं ठरवलं होतं. कागदावर फक्कड. पण विटांच्या वजनाने किल्ला खचत गेला, टाक्यांना तडे गेले आणि खारं पाणी आत शिरलं. आपल्या सिंधुदुर्गात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. इथे कोट्यवधी विटा रचूनही घोटभर पाण्याची मारामार.

लिंकनच्या खुन्याचा मोडलेला पाय बसवणारा डॉ. सॅम्युअल मड इथेच कैदेत होता. १८६७ मध्ये पिवळ्या तापाची साथ आली, तुरुंगाचा डॉक्टरच दगावला, तेव्हा मडने रोग्यांना सांभाळलं. १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने त्याला माफी दिली. त्याची कोठडी बघता येते. वरच्या मजल्यावर तटाला कठडा नाही, लेकीचा हात धरा.

टेकडीवरून
हे सगळं चार तासांत बघून होतं, एवढंच म्हणणं आहे.

जुना_बुरूज
ताजमहालही वीस मिनिटांत बघून होतो.

दोन_शब्द
टॉयलेट?

खारा_वारा
कंपोस्ट टॉयलेट आहेत, कॅम्परसाठी. फेरी धक्क्याला लागलेली असते तेवढा वेळ ती बंद, तेव्हा फेरीवरची वापरायची. अंघोळ विसरा. ओले पुसणे भरपूर न्या, पण वापरलेला प्रत्येक पुसणा परत आणायचाय. कचऱ्याची पेटी एकही नाही. जे नेलं ते सगळं सोबत परत. त्यामुळे खोकी, वेष्टणं, प्लॅस्टिक घरीच काढून टाका. जाड काळ्या पिशव्या चार घ्या.

आणि हो, पक्षी. फेब्रुवारी-मार्चपासून शेजारच्या बुश की बेटावर सूटी टर्न, म्हणजे आपल्या सुरय पक्ष्यांची एक जात, हजारोंनी घरटी करायला येतात. तेव्हा ते बेट माणसांना बंद. तंबूपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि हे पक्षी रात्रभर ओरडतात. त्यांचं इंग्रजी टोपणनावच 'वाइड-अवेक' आहे. कानात घालायचे बोळे घ्या.

उन्हाळी_पाऊस
सगळ्यांचे आभार. यादी नव्याने केली. स्पीकर, ड्रोन, हॅमॉक, स्टोव्ह आणि दोन खुर्च्या बाद. पाणी: अडीच गॅलनचे सहा कॅन आणि एक गॅलनची एक बाटली. बाबांनी यादी वाचली आणि पाण्याचं खातं आपल्याकडे घेतलं. बहात्तरच्या दुष्काळात ते वीस वर्षांचे होते, मराठवाड्यात. "तुम्ही बाकीचं बघा, पाणी मी बघतो," म्हणाले.

येऊन सविस्तर लिहीन.

खडूस_काकू
लिहाच. 'येऊन लिहितो' म्हणून गेलेले बरेच धागे इथे अजून वाट बघतायत.

उन्हाळी_पाऊस
आलो. काकू, हे घ्या.

गुरुवारी गेलो, शनिवारी परतायचं होतं, परतलो रविवारी. म्हणजे खारा_वारा यांचा तो जास्तीचा दिवस खर्ची पडला.

आदल्या दिवशी मायामीहून की वेस्टपर्यंत गाडीने साधारण १६० मैल, शेवटचा भाग पुलांवरून. मुक्काम की वेस्टच्या अलीकडे केला, पण पहाटे एवढ्या लवकर उठावं लागलं की पुढच्या वेळी गावातच राहू. कॅम्परना बाकीच्यांच्या आधी हजर व्हावं लागतं, सामान वेगळं चढतं.

जाताना समुद्र ठीक होता. गोळ्या सगळ्यांनी तासभर आधी घेतल्या होत्या. बाबांना डॉक्टरांनी वेगळी दिली, ती खाऊन ते सव्वादोन तास शांत झोपले आणि उतरताना म्हणाले, "बोट हलली का?" लागली ती फक्त नवऱ्याला, कारण वरच्या डेकवर जाऊन व्हिडिओ काढत होता.

आता पाणी. बाबांनी मार्करने प्रत्येक कॅनवर आडव्या रेघा मारल्या होत्या: 'गुरु रात्र', 'शुक्र सकाळ', 'शुक्र दुपार'. सहाव्या कॅनवर रेघ नाही, नुसतं 'नाही' असं लिहिलेलं. लेकीने विचारलं, आजोबा हे काय? तर म्हणाले, "हा नाही असं समजायचं." तोंड धुवायला माणशी अर्धा पेला. भांडी आधी वाळूने घासायची, मग समुद्राच्या पाण्याने, शेवटी फडकं ओलं करून पुसायची. पहिल्या दिवशी मी वैतागले. शुक्रवारी दुपारी उन्हात शेजारच्या तंबूतली दोन मुलं आपल्या बाटल्या हलवून बघत होती, तेव्हा वैताग संपला.

गुरुवारी दुपारी खंदकाच्या भिंतीला धरून पोहलो. बाहेरच्या बाजूने भिंतीवर पंख्यासारखी प्रवाळं, मधे पोपटमासे. कोळशाच्या जुन्या धक्क्याचे खांब उरलेत तिथे मासे दाट आहेत, पण एक बाराकुडा एका जागी नुसता लटकून आमच्याकडे बघत होता, लेक हात सोडेना. २०१७ च्या इर्मा वादळात या भिंतीचा काही भाग कोसळला होता, तेव्हा कुठून चालता येतं ते रेंजरना विचारून घ्या.

तीनला फेरी गेली. भोंग्याचा आवाज विरला आणि सगळं एकदम मोकळं झालं. अंधार पडल्यावर झाडाखालून शंखातले खेकडे निघाले. आधी मला वाटलं पाऊस पडतोय. तंबूच्या कापडावर टकटक, सरसर. टॉर्च लावला तर एक खेकडा सुपारीएवढा, दुसरा लिंबाएवढा, दोघे एकाच रिकाम्या शंखावर आले होते. मोठ्या खेकड्याने शंखात आधी एक नांगी घातली, आत चाचपलं, बाहेर काढली, पुन्हा घातली. माप बसेना बहुतेक. आपल्याच शंखात परत आक्रसून बसला. लेक पोटावर पडून पाऊण तास बघत होती. हात लावायची बंदी आहे, तिने पाळली.

झोप मात्र कोणाला नाही. सुरय खरंच रात्रभर बोलतात. बाबा म्हणाले, लग्नाच्या कार्यालयात झोपल्यासारखं वाटतंय.

शुक्रवारी संध्याकाळी वारा उत्तरेला वळला. कागदावरचे आकडे चार दिवस वाचले होते म्हणून दोऱ्या आधीच दुप्पट बांधल्या होत्या. रात्री दोनला पलीकडच्या एकाचा तंबू खुंट्यांसकट उठून झाडाला अडकला, त्याला आमच्यात घेतला. शनिवारी सकाळी रेंजर येऊन सांगून गेल्या, आज फेरी नाही.

तो शनिवार सहलीतला सगळ्यात चांगला दिवस. अख्ख्या किल्ल्यात आम्ही मूठभर कॅम्पर. आतल्या कमानी एकापुढे एक अशा लागतात की टोकाला उभा माणूस पेन्सिलीएवढा दिसतो. लेक आणि बाबा विटांची ती रंगाची रेघ शोधत फिरले (जुना_बुरूज, धन्यवाद, सापडली). आणि फेरी नाही म्हणजे टॉयलेट दिवसभर उघडी! वाऱ्याने कोळसा पेटेना, म्हणून डब्यातलं गारच खाल्लं.

रविवारी वारा पडला, फेरी आली. येताना समुद्र अजून शांत व्हायचा होता. टेकडीवरून, त्या सव्वादोन तासांत तुमची बऱ्याचदा आठवण आली.

टेकडीवरून
मी काही बोललो नाही. 😀 'नाही' लिहिलेल्या कॅनचं काय झालं?

उन्हाळी_पाऊस
फोडावाच लागला नाही. उरलेल्या कॅनवर भागलं. नव्याने उतरलेल्या कॅम्परांत दोन कॉलेजची मुलं होती, दोघांत मिळून तीन गॅलन घेऊन आली होती. बाबांनी तो कॅन त्यांना दिला आणि मार्कर मागून घेऊन त्यावर रेघा मारून दिल्या.

रात्रपाळी
वा. बाबांना नमस्कार सांगा. पण हिशेब लागेना. सोळा गॅलन, एवढी काटकसर, तरी शेवटी एकच कॅन शिल्लक?

उन्हाळी_पाऊस
तेच सांगायचं राहिलं. कॅन तोटीचे घेऊ नका, झाकणाचे घ्या. बोटीत सामान एकावर एक रचतात, तोटी दाबली जाते. आमचं एक गॅलन नवऱ्याच्या पायमोज्यांनी प्यायलं.